तिकिटाची खिडकी आणि विठोबाचें देऊळ

मुंबईहून उत्तरेस जाणारी आगगाडी विरार मागें टाकून वैतरणेचा पूल ओलांडते आणि मग सफाळें, केळवें रोड, पालघर, उमरोळी, बोईसर अशीं स्थानकें एकामागून एक येऊं लागतात. या लोहमार्गाच्या पश्चिमेस समुद्रापर्यंत जीं गांवें पसरलीं आहेत, त्यांत केळवें-माहिमापासून चिंचणी-तारापुरापर्यंत, एकादशीच्या रात्रीं टाळमृदंगाचा घोष कानीं पडणें ही नवलाची गोष्ट नव्हे. बापाच्या हातचे टाळ मुलाच्या हातीं येतात. चाली पाठ असतात, अभंग पाठ असतात, आणि चुकलेला चरण सांवरून घेणारा एखादा म्हातारा खांबाला टेकून बसलेला असतोच. हें सारें ऐकावयास कोणासही दाम मोजावा लागत नाहीं. उलट शेवटीं हातावर प्रसाद पडतो.

आतां १९३६ सालच्या डिसेंबर महिन्याची कल्पना करावी. याच वर्षीं विजेच्या गाड्या बोरिवलीहून पुढें विरारपर्यंत धांवूं लागल्या होत्या. त्यापलीकडच्या पालघर-बोईसरच्या मनुष्यास मात्र वाफेच्याच गाडीची वाट पाहावी लागे. याच मार्गावर मुंबईच्या अंगास चर्नी रोड नांवाचें स्थानक आहे, आणि तेथून जवळच, गिरगांवांत, सेंट्रल नांवाचें चित्रगृह होतें. तेथें त्या महिन्यांत ‘प्रभात’ कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट लागला आणि सतत ५७ आठवडे चालला. एकाच चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ एकच बोलपट चालावा, ही गोष्ट हिंदुस्थानांत त्यापूर्वीं घडली नव्हती. या गर्दींत आमच्या या किनाऱ्यावरचा एखादा भजनी माळकरीही असेल अशी कल्पना केली, तर त्याला एक प्रश्न विचारावासा वाटतो. बाबा रे, जें तुझ्या गांवच्या देवळांत तुला फुकट ऐकावयास मिळतें, तेंच ऐकण्यासाठीं तूं पदरचे पैसे खर्चून येथवर कां आलास?

हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाहीं. संगीतप्रधान बोलपटाच्या यशाचें मर्म त्यांत आहे असें आम्हांस वाटतें. नवी वस्तु पाहण्यास लोक गर्दी करतात हें समजण्यासारखें आहे. पण जी वस्तु घरोघरीं आहे तिच्यासाठीं वर्षभर गर्दी होते, तेव्हां त्या वस्तूंत कांहीं तरी असें भरलेलें असलें पाहिजे, कीं जें घरच्या वस्तूंत नव्हतें. तें काय होतें, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम या बोलपटाची जन्मकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. ‘प्रभात फिल्म कंपनी’ १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत स्थापन झाली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम वणकुद्रे आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत तयार झालेले कारागीर होते. सीतारामपंत कुलकर्णी यांनीं त्यांना भांडवलाची जोड दिली. १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ काढून या मंडळींनीं मराठी बोलपटाचा पाया घातला आणि १९३३ सालीं बिऱ्हाड पुण्यास हलविलें. कंपनीच्या नांवलौकिकांत शांतारामबापूंचें नांव पुढें असे. दामले यंत्रांत आणि ध्वनिलेखनांत गढलेले, फत्तेलाल देखाव्यांत आणि रंगरेषांत. या दोघा अबोल माणसांनीं मिळून ‘संत तुकारामा’चें दिग्दर्शन केलें. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचें, पदें शांताराम आठवल्यांचीं. तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनिसांकडे होती, आणि जिजाईची भूमिका गौरी नांवाच्या अशा एका बाईकडे, जिनें ‘प्रभात’मध्यें अगदीं साध्या कामापासून सुरुवात केली होती आणि जी पुढें गर्दींतल्या लहानसहान भूमिका करीत आली होती. विठ्ठलभक्तीचें हें चित्र उभें करणाऱ्या दोघांपैकीं एक, शेख फत्तेलाल, धर्मानें मुसलमान होते, हें त्या काळच्या प्रेक्षकांना ठाऊक होतें आणि त्यांत त्यांना कांहींही वावगें वाटलें नाहीं. ज्या संप्रदायानें शेख महंमदांस संतमंडळींत स्थान दिलें, त्याच्या परंपरेला हें साजेसेंच होतें.

इतक्या यशाचें कारण गायकाची कीर्ति असेल, असें प्रथम कोणाच्याही मनांत येईल. परंतु हें अनुमान तपासून पाहण्याची सोय ‘प्रभात’नेंच करून ठेविली आहे. एकच वर्ष अगोदर, १९३५ सालीं, याच कंपनीनें एकनाथ महाराजांच्या चरित्रावर ‘धर्मात्मा’ हा बोलपट काढला होता. दिग्दर्शक शांताराम होते, संगीत मास्तर कृष्णरावांचें होतें आणि नाथांच्या भूमिकेंत साक्षात् बालगंधर्व होते. महाराष्ट्राच्या कानांवर ज्यांनीं एक पिढीभर राज्य केलें, त्यांचा स्वर आतां गांवोगांवच्या पडद्यांवरून ऐकूं येणार होता. यशाला आणखी काय हवें होतें? तरीसुद्धां त्या बोलपटास अपेक्षिलेला प्रतिसाद मिळाला नाहीं आणि गंधर्व व प्रभात यांची भागीदारी तेथेंच आटोपली. पागनीसही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले होते, परंतु बालगंधर्वांच्या कीर्तीशीं त्यांच्या कीर्तीची तुलना कोणींही केली नसती. कीर्तीच्या मापानें मोजलें तर निकाल उलटा लागावयास हवा होता.

दुसरें कारण चमत्कारांचें सांगतात. इंद्रायणींत बुडालेल्या वह्या परत मिळतात, कीर्तनांत जिकडे पाहावें तिकडे शिवाजी दिसूं लागतो, शेवटीं गरुडारूढ तुकोबा आकाशमार्गें वैकुंठास जातात. हें सारें त्या वेळच्या मानानें फार सफाईनें दाखविलें आहे, यांत शंका नाहीं. परंतु पडद्यावरचे चमत्कार १९३६ सालीं नवीन नव्हते. दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालापासून लोकांना देव दाखविले होते, आणि खुद्द तुकोबांवरही याआधीं चित्रपट निघून गेले होते. चमत्कारासाठीं मनुष्य एकदां येतो. ५७ आठवडे भरावयाचे तर तोच मनुष्य पुनः पुनः आला पाहिजे, आणि दुसऱ्या खेपेस त्याला गरुड केव्हां येणार हें ठाऊक असतें.

तेव्हां खरें कारण गाण्यांतच, पण गाण्याच्या वेगळ्या उपयोगांत, शोधलें पाहिजे. बोलपटाला वाचा फुटली तीच मुळीं गाण्याच्या रूपानें. अमेरिकेंत १९२७ सालीं ‘जाझ सिंगर’नें मूकपटाचा काळ संपविला, आणि आपल्याकडे १९३१ सालच्या ‘आलम आरा’नें सात गाणीं ऐकविलीं. दुसऱ्याच वर्षीं निघालेल्या ‘इंद्रसभा’ नामक बोलपटांत तर सुमारें सत्तर गाणीं होतीं. हॉलिवुडच्या संगीतपटांत गाणें सुरू झालें कीं कथा जागच्या जागीं थांबते आणि शेंपन्नास नर्तिका एका पावलानें नाचूं लागतात. प्रेक्षक टाळ्या वाजवितो आणि मग कथा पुढें सरकते. आपल्या संगीत नाटकांतही पद आलें कीं प्रसंगानें अदब राखून बाजूला उभें राहावें, असा रिवाज होता. ‘वन्स मोअर’ मिळाला कीं मरणोन्मुख नायकही पुनः उठून गात असे. बालगंधर्वांचें सामर्थ्य याच रिवाजांत वाढलेलें होतें. पडद्यावर, जेथें चेहरा एका हातावर येऊन ठेपतो, तेथें तो रिवाज जड जाऊं लागला.

‘संत तुकारामां’त गाणें थांबतच नाहीं, कारण तें कथेहून निराळें नाहीं. तुकोबा गातात तें त्यांचें बोलणें आहे. त्यांचा गुन्हा गाण्याचा, त्यांना शिक्षा गाण्याबद्दल, आणि त्यांची सुटकाही गाण्यानेंच. बोलपटाच्या आरंभींच ही गोष्ट दाखवून दिली आहे. तुकोबांची रचना सालोमालो नांवाचा ढोंगी मनुष्य स्वतःची म्हणून लोकांपुढें गातो. त्याच्या गाण्यांत ताना आहेत, हावभाव आहेत, नाटकी झोंक आहे. तुकोबा तेंच गातात तें साधें, अवतीभोवतीं कोणी आहे कीं नाहीं याची जाणीव नसल्यासारखें. शब्द एकच असून गाणें एक खरें आणि एक खोटें कसें असूं शकतें, हा संगीतशास्त्रांतला अवघड सिद्धान्त केशवराव भोळ्यांनीं निरक्षर प्रेक्षकालाही दोन मिनिटांत पटवून दिला. पागनिसांच्या गळ्याला त्यांनीं ज्या चाली दिल्या, त्या भजनी मंडळाच्या आवाक्यांतल्या होत्या. प्रेक्षक त्या ऐकून घरीं गेला तो कौतुक करीत गेला नाहीं, गुणगुणत गेला. ऐकणारा जेव्हां गाणारा होतो, तेव्हां त्याला त्या गाण्याकडे परत यावेंसें वाटतें. बालगंधर्वांच्या पदापुढें रसिक हात जोडून बसे. पागनिसांच्या पदाबरोबर तो मनांतल्या मनांत टाळ वाजवूं लागे.

या एकरूपतेचा एक मजेदार पुरावा प्रसिद्ध आहे. बोलपटांत बी आणि वृक्ष यांच्या दृष्टान्ताचें एक पद आहे. तें शांताराम आठवल्यांनीं लिहिलेलें. तुकोबांच्या गाथेंत तें नाहीं. तरीसुद्धां तें तुकोबांचेंच म्हणून लोकांच्या तोंडीं बसलें, भजनांत शिरलें, आणि जाणत्या मंडळींनींही गाथेचीं पानें चाळून तें शोधण्याचा प्रयत्न केला. कवीला याहून मोठी पावती आणि याहून मोठें विस्मरण एकाच वेळीं क्वचितच लाभलें असेल. तीच गत पागनिसांच्या चेहऱ्याची झाली. तुकोबांचें समकालीन चित्र कोणापाशींही नाहीं. पागनिसांचा वीणाधारी फोटो चौकटींत बसून घरोघरच्या देव्हाऱ्याजवळ गेला, आणि महाराष्ट्रानें आपल्या सर्वांत लाडक्या संताला एका नटाचें रूप देऊन टाकलें.

येथवर गाण्याचें झालें. पण गाणें कितीही आपलें असलें तरी आमच्या माळकऱ्याच्या प्रश्नाचें उत्तर अजून मिळालें नाहीं. आपलेंच गाणें असेल तर तें आपल्याच देवळांत बरें. गिरगांवांत त्याला असें काय दिसलें, जें देवळांत दिसत नव्हतें?

आमचें उत्तर असें आहे: त्याला जिजाई दिसली.

एकादशीच्या रात्रीं देवळांत भजन रंगतें, तेव्हां त्या रंगांत घर नसतें. कोणाची तरी बायको चुलीपाशीं बसून वाट पाहत असते, कोणाचें तरी पोर तापानें फणफणत असतें, कोणाच्या तरी मडक्यांत उद्यांचे तांदूळ नसतात. भजन या सर्वांना दाराबाहेर ठेवतें; तें ठेवलें नाहीं तर भजन लागणारच नाहीं. देवळांत तुकोबा ऐकूं येतात, जिजाई ऐकूं येत नाहीं. कीर्तनकारांनीं तिला आणलें तर तें बहुधा हंशासाठीं, संताच्या मागें लागलेली कजाग बायको म्हणून. परंपरेनें सांगितलेली हकीकत मात्र हंसण्यासारखी नाहीं. १६३० च्या दुष्काळांत तुकोबांची पहिली बायको अन्नावांचून गेली. दुसरी जिजाई, हीच आवली, पुण्याच्या गुळव्यांची मुलगी, खात्यापित्या घरांतून देहूच्या त्या मोडत्या संसारांत आली. तिनें अन्नाची काळजी केली नसती तर कोणी करावयाची होती?

बोलपटानें तिला तिची बाजू मांडूं दिली. गौरीची जिजाई तोंडाळ आहे, कष्टाळू आहे, आणि एका क्षणासाठींही मूर्ख नाहीं. ती आपल्या म्हशीशीं बोलते, तिच्यापाशीं आपलें मन मोकळें करते. नवऱ्याला देव आहे तर तिला म्हैस आहे, आणि म्हैस निदान दूध तरी देते. पोरगा आजारी पडतो, घरांत औषधाला दमडी नाहीं, नवरा देवळांत. तेव्हां ती त्या पोराला ओढीत देवळांत घेऊन जाते, दुसऱ्या हातांत पायांतली वहाण घेऊन, विठोबाला जाब विचारावयास. हा प्रसंग पाहतांना प्रेक्षक हंसतो, आणि हंसतां हंसतां त्याचा घसा दाटतो. कारण घराघरांतल्या बाईच्या मनांत कधीं ना कधीं येऊन गेलेली, पण तोंडावाटे न निघालेली गोष्ट त्या वहाणेंत असते. आणि शेवटीं वैकुंठाचें विमान दारीं येतें, नवरा बरोबर चलण्यास सांगतो, तेव्हां ती जात नाहीं. तिला घर आहे, पोरें आहेत, चूल आहे. आकाशांत तुकोबा लहान लहान होत जातात आणि पृथ्वीवर ती उभी राहते. हा शेवट ज्यांनीं योजिला, त्यांना बोलपट कोणासाठीं काढावयाचा तें नेमकें कळलें होतें. वैकुंठास जाणारा एकच असतो. मागें उभीं राहिलेलीं माणसें चित्रगृहांत बसलेलीं असतात.

या एका योजनेमुळें गाण्याचा अर्थच पालटला. देवळांत ऐकलेला अभंग देवाकडे जातो. येथें तोच अभंग देवाकडे जातांना वाटेंत स्वयंपाकघरांतून जातो, आणि ऐकणाऱ्याला त्याची किंमत कळते. ही भक्ति कोणाच्या उपासमारीवर उभी आहे, हें तो डोळ्यांनीं पाहतो. तरीही ती भक्ति त्याला खोटी वाटत नाहीं. दोन्ही बाजू खऱ्या, आणि त्यांचा मेळ बसत नाहीं. भावनेचा जो उमाळा या बोलपटानें उत्पन्न केला, तो या न बसलेल्या मेळांतून आला आहे. प्रपंच आणि परमार्थ यांची ओढाताण मराठी मध्यमवर्गाला आणि कष्टकऱ्याला सारखीच परिचित होती. ती कीर्तनांत उपदेशानें मिटविली जाई. पडद्यावर ती उघडी ठेविली गेली. चित्रगृहांत नवराबायको शेजारीं बसलीं होतीं, ही साधी गोष्टही विसरूं नये.

एवढ्यावर थांबलों तर हा लेख स्तुतिपाठ होईल. या बोलपटाच्या वाट्यास आलेला एक आक्षेप आम्हांस गंभीर वाटतो. तो निघाला त्याच्या एकच वर्ष आधीं, १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, डॉ. आंबेडकरांनीं येवलें येथें हिंदुधर्माचा त्याग करण्याचा निर्धार जाहीर केला होता. अशा वेळीं, शूद्र म्हणून ज्याला धर्मावर बोलण्याचा अधिकार नाकारला गेला आणि ज्याच्या वह्या नदींत बुडवावयास लावल्या, अशा कवीची कथा पडद्यावर आली. हा प्रश्न केवळ देहूचा नव्हता. बोलपटानें मात्र त्याची सोडवणूक चमत्कारानें आणि रामेश्वरभटांच्या पश्चात्तापानें केली. पडद्यावर पांडुरंग वह्या परत आणून देतो, पण पंढरपुरांत त्याच पांडुरंगाच्या देवळाचें दार अस्पृश्यांना आणखी दहा वर्षें बंदच राहिलें. १९४७ सालीं साने गुरुजींना त्यासाठीं प्राणांतिक उपोषण करावें लागलें. चोखोबांची समाधि महाद्वाराबाहेर ती बाहेरच. ज्या समाजाला वह्या तारणारा देव पाहून अश्रु आवरत नाहींत, त्यालाच देवळाचें दार उघडण्यास एक दशक लागतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे भावनेच्या यशाची मर्यादा कळते. रडणें सोपें असतें. रडून झाल्यावर मनुष्य हलका होतो, आणि हलका झालेला मनुष्य पुष्कळदां जागचा हलत नाहीं.

परंतु या आक्षेपाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, आणि ती तिकिटाच्या खिडकीची आहे. मुंबईच्या चित्रगृहाच्या खिडकीनें पैसे विचारले, जात विचारली नाहीं. पुढचा बांक आणि मागची खुर्ची यांत भेद होता, पण तो दामाचा होता. ज्याला पंढरीच्या गाभाऱ्यांत पाऊल ठेवतां येत नव्हतें, तो तिकीट काढून अंधारांत इतरांच्या शेजारीं बसे आणि त्याला विठोबाचें दर्शन घडे. देवळाबाहेर ठेविलेली जिजाई आणि देवळाबाहेर ठेविलेला चोखोबाचा वंशज, या दोघांनाही या खिडकीनें आंत घेतलें. धंद्याच्या हेतूनेंच घेतलें हें खरें. पण धर्मानें जें केलें नाहीं तें धंद्यानें केलें, तर त्याबद्दल धंद्याला दोष देण्यांत कांहीं अर्थ नाहीं. ५७ आठवड्यांचा आंकडा आम्ही असा वाचतों. देवळांत जें गाणें फुकट होतें, तें सर्वांना फुकट नव्हतें. त्यासाठीं कोणाला आपलें घर विसरावें लागे, आणि कोणाला दाराबाहेर उभें राहावें लागे. तिकिटाचा दाम त्या मानानें स्वस्त होता.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९३७ सालीं व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट-प्रदर्शनांत या बोलपटाचा गौरव झाला. मराठीचें अक्षरही न समजणाऱ्या परीक्षकांना तो कळला, यांतच त्याच्या रचनेचें सामर्थ्य दिसतें. दामले-फत्तेलाल जोडीनें १९४० सालीं ‘संत ज्ञानेश्वर’ काढला आणि १९४१ सालीं ‘संत सखू’च्या दिग्दर्शनांतही तिचा हात होता. दुसऱ्या कंपन्यांनीं पागनिसांनाच तुलसीदास केलें, नरसी भगत केलें. संतपटांची एक लाटच आली. हे चित्रपट कांहीं वाईट नव्हते. पण चमत्कार, भजनें आणि पागनिसांची प्रासादिक मुद्रा हीं सारीं अनुकरण करण्याजोगीं होतीं. हातांत वहाण घेतलेली जिजाई प्रत्येक संताच्या घरीं मिळण्यासारखी नव्हती. विष्णुपंत पागनीस १९४३ सालीं वारले. ‘प्रभात’चें काम पुढें दहा वर्षांच्या आंत थांबलें, आणि तिच्या पुण्याच्या वास्तूंत १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली.

त्यानंतर यशाचीं मापें बदलत गेलीं. १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशाचा संगीतपट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहांत १३१ आठवडे चालला. तोपर्यंत माप आठवड्यांचेंच होतें. २०१६ सालच्या एप्रिलमध्यें नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला, तेव्हां माप कोटींचें झालें होतें, आणि शंभर कोटींचा पल्ला ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. अजय-अतुल यांच्या त्या गाण्यांमागचा मोठा वाद्यवृंद अमेरिकेंत ध्वनिमुद्रित केलेला होता. आठवडे म्हणजे एकाच ठिकाणीं पुनः पुनः येणारा मनुष्य. कोटी म्हणजे एकाच वेळीं सगळीकडे येणारी गर्दी. दोहोंची तुलना करण्यांत अर्थ नाहीं. तथापि एक साम्य आमच्या मनांत येतें. ‘सैराट’चीं चारही गाणीं पूर्वार्धांत संपतात. पुढें प्रपंच सुरू होतो, खोली, चूल, कष्ट; आणि शेवटच्या प्रसंगांत तर आवाजच काढून घेतलेला आहे. गाणें ज्यांना उचलून घेऊन गेलें, त्यांना जमीन कोठें भेटली, हें तेथेंही दाखविलें आहे. जो संगीतपट नुसतें उडवितो तो आवडतो. जो उडवून जमिनीवरचें माणूस दाखवितो तो लक्षांत राहतो. मराठी प्रेक्षकाच्या बाबतींत तरी हें दोनदां, ऐंशी वर्षांच्या अंतरानें, खरें ठरलें आहे.

आतां पुनः आपल्या लोहमार्गावर येऊं. आमचा माळकरी ज्या गाडीनें परतला असता, तिच्या वाटेवरचें जग ओळखूं येणार नाहीं इतकें बदललें आहे. तारापुरास १९६९ सालीं देशांतलें पहिलें अणुविद्युत्-केंद्र सुरू झालें, बोईसरभोंवतीं कारखान्यांची वसाहत उठली, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसें तेथें पोटासाठीं आलीं. २०१३ सालीं मुंबईच्या लोकलगाड्या डहाणूपर्यंत येऊं लागल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. ‘संत तुकाराम’ पाहण्यास आतां चर्नी रोडला जावयास नको. तो खिशांतल्या यंत्रावरही पाहतां येतो, आणि तिकिटाची खिडकी मधून निघून गेली आहे.

तरी एकादशीला भजन असतेंच. रात्रपाळी करून आलेला एखादा कामगार अंघोळ करून टाळ हातीं घेतो, आणि त्या बी-वृक्षाच्या पदाची चाल लागते. तें तुकोबांचें नाहीं हें बहुतेकांना ठाऊक नसतें आणि ठाऊक असण्याची गरजही नाहीं. आमची विनंती एवढीच आहे, कीं तें पद संपल्यावर गाणाऱ्यानें क्षणभर घराकडे कान द्यावा. तेथें कोणी तरी अजून जेवावयाचें राहिलेलें असतें.